चार बोटं अंतर

बिछान्यावर उताणं पडून उजवा हात बाजूला लांब केला, की माझी बोटं उशाजवळच्या छोट्या कपाटाच्या कडेपर्यंत पोचतात. तिथून कप्प्याच्या मुठीपर्यंत चार बोटं अंतर उरतं. या चार बोटांनी माझं अख्खं वर्ष खाल्लं. त्यांच्यापायी सुताराशी अबोला झाला, बायको माझ्याशी कामापुरतं बोलू लागली आणि पोलीस ठाण्यात माझ्या हस्ताक्षरातलं एक वाक्य मोठ्याने वाचलं गेलं. ते वाक्य ओघाने येईलच. मला घाई नाही.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानातले तराजू, वखारीतले काटे, पेट्रोलपंपांची मापं खरं बोलतात की खोटं, हे बघायचं आणि खोटं बोलली तर जप्त करायची, हे माझं काम. एकदा एका कोळशाच्या वखारीतला काटा शंभर किलोमागे तीन किलो खोटं बोलताना मी पकडला. वखारवाला म्हणाला, "साहेब, बघून घेईन तुम्हाला." बावीस वर्षांच्या नोकरीत हे मला पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. शेजारच्या टेबलावरच्या निरीक्षकाला महिन्यातून दोनदा कोणीतरी म्हणायचं आणि तो ते जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगायचा. खरं सांगतो, मला जरा बरंच वाटलं. त्या आनंदाच्या भरात मी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला.

पोलीस ठाण्यातल्या परवाना शाखेतला कारकून म्हणजे सुपारीएवढ्या चेहऱ्याचा, कधीही न हसणारा माणूस. त्याने विचारलं, "बघून घेईन म्हणजे नक्की काय करणार?"

"जिवावर उठलाय तो," मी म्हणालो.

"तसं म्हणाला का?"

"तसं नाही म्हणाला, पण रोख तोच होता."

"रोख लिहायला अर्जात रकाना नाही," तो म्हणाला आणि त्याने अर्ज परत केला.

असा तो तीनदा परत आला. चौदा महिन्यांनी परवाना हातात पडला, तोवर वखारवाल्याने नवा काटा बसवला होता आणि तो किती चोख आहे हे दाखवायला मला हाताला धरून आत नेऊन चहाही पाजला होता. म्हणजे धोका संपला होता. पण चौदा महिने खेटे घालून मिळवलेली वस्तू नको म्हणायला माझी जीभ रेटेना. मी पिस्तूल घेतलं.

सुरुवातीला सगळं नियमाप्रमाणे होतं. पिस्तूल लोखंडी कपाटात, गोळ्या बायकोच्या शिवणाच्या पेटीत, कपाटाची किल्ली एकीकडे, पेटीची दुसरीकडे. चार दिवस मी शांत झोपलो. पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरचे सुभेदार खाली आले. ते सैन्यात कधीच नव्हते, गणवेश शिवायच्या कारखान्यात होते. पण तिथे इतके गणवेश त्यांच्या हाताखालून गेले, की त्यातला करारीपणा थोडा त्यांना लागला. त्यांनी माझी व्यवस्था ऐकून घेतली आणि विचारलं, "चोर आला तर त्याला काय सांगणार? बस जरा टेकून, किल्ल्या शोधतो?"

समोरच्या दारातले विमा एजंटही तिथेच होते. ते कुठेही तिथेच असतात. ते म्हणाले, "शस्त्र कसं, रात्री हाताशी हवं. झोपेतून हात टाकला की मुठीत. नाहीतर मग पेपरवेट घेतला असतात तरी चाललं असतं."

पेपरवेट हा शब्द मला लागला. मापाचा माणूस असल्यामुळे मी वाद घातला नाही, सरळ मोजायला घेतलं. पेट्रोलपंप तपासायचं खात्याचं घड्याळ घरी आणलं, रविवारी दुपारी खिडक्यांचे पडदे ओढले, डोळे मिटून पडलो, आणि मुलीने टाळी वाजवताच उठलो. चष्मा, किल्ली, कपाट, दुसरी किल्ली, शिवणाची पेटी, तिच्यातल्या बटणांमधून गोळ्या वेगळ्या करणं. चार मिनिटं दहा सेकंद. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला हिशोब चांगला येतो. ती म्हणाली, "बाबा, एवढ्यात चोर टीव्ही नेऊन परत रिमोट न्यायला येईल."

मग सुतार आला. त्याने उशाजवळ कुलपाच्या कप्प्याचं एक छोटं कपाट बनवलं, सुबक बनवलं, आणि ते चार बोटं लांब बसवलं. मी म्हटलं, "हात पोचत नाही." तो म्हणाला, "साहेब, कपाट मापात आहे, हात मापात नाही." वजनमापे खात्याच्या निरीक्षकाला हे ऐकवायला फार मोठी छाती लागते. कपाट त्याने जमिनीला पक्कं ठोकलं होतं, म्हणून मी खाटच सरकवली. खाट सरकल्यावर खोलीचं दार अर्धंच उघडू लागलं. त्या दिवसापासून बायको आमच्या खोलीत आडवी होऊन शिरते. शिवाय खाटेचा पाय फरशीच्या सखल भागात गेला, त्यामुळे मी झोपेत पुन्हा तेवढाच डावीकडे घसरू लागलो आणि सकाळी मोजावं तर अंतर होतं तिथेच, चार बोटं.

पिस्तूल या कप्प्यात ठेवून पुन्हा मोजलं, एक मिनिट पन्नास सेकंद. कुलपाचं काय करायचं हा प्रश्न होताच. किल्ली दोरीने गळ्यात बांधून झोपलो तर दोरी रात्रभर गळ्याभोवती आवळत गेली आणि पहाटे बायकोने ती कात्रीने कापली. किल्ली कुलपालाच ठेवावी म्हटलं तर ती म्हणाली, "मग कुलूप कशाला?" तिचं म्हणणं बरोबर होतं. मला त्यातला एवढाच भाग पटला, की कुलूप कशाला.

शेवटी मी गादीवाल्याकडे गेलो. गादीच्या उजव्या कडेला एक खिसा शिवून हवा, म्हटलं. त्याने विचारलं, "काय ठेवणार?" मी म्हणालो, "बॅटरी." त्याने बॅटरीच्या मापाचा खिसा शिवला. त्यातून पिस्तूल पहिल्याच रात्री खाली पडलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, "बॅटरी जरा वेगळ्या आकाराची आहे." त्याने माझ्याकडे नीट बघितलं, मग मोठा खिसा शिवून दिला.

आता दिवसा पिस्तूल कुलपात असायचं आणि रात्री गोळ्या भरून खिशात. हात टाकला की मुठीत. सहा सेकंद. मी सुभेदारांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "शाबास." विमा एजंटांनी घड्याळ स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "पावणेसहा." बायको दारात आडवी उभी होती. ती म्हणाली, "आणि उठून बघायला किती सेकंद लागतात? समोर कोण आहे ते बघायला?" तेवढं मी मोजलं नव्हतं. आमच्या सरावात समोर नेहमी चोरच असायचा.

दरम्यान परवाना शाखेचं तपासणीचं पत्र आलं. कारकून स्वतः येऊन शस्त्र कुठे ठेवलंय ते बघणार होता. मी त्या सकाळी पिस्तूल लोखंडी कपाटात ठेवलं, गोळ्या बटणांत मिसळल्या, गादीवर जाड चादर घातली आणि त्याला सगळं नियमाप्रमाणे दाखवलं. त्याने वहीत बरोबर अशी खूण केली. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, की तपासणीपुरता काटा खरा करून ठेवणारा दुकानदार हा सगळ्यांत नालायक. त्या दिवशी दार लावताना मला ते आठवलं, पण मी ते फार वेळ आठवू दिलं नाही.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. टपाल खात्यात पत्रं वाटून निवृत्त झालेले. त्यांना मूतखड्याचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, की रात्रीसुद्धा उठून पाणी प्यायचं. आमच्या घराची रचना अशी, की त्यांच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर आमच्या खोलीच्या दारावरून जावं लागतं. आणि आमचं दार, खाटेला आपटून आपटून वाकल्यामुळे, तेव्हापासून धड लागतही नव्हतं.

सहा सेकंदांच्या विक्रमानंतर आठवडाभराने ते घडलं. मला जाग आली ती दारातल्या सावलीमुळे. हात टाकला, मुठीत आलं, उठून बसलो, रोखलं. सगळं सरावाप्रमाणे झालं. सावलीच्या हातातून काहीतरी खाली पडून फुटलं. मग दिवा लागला. बायकोने लावला होता. दारात अण्णा उभे होते, अनवाणी, पायाशी काचा आणि पाणी. ते म्हणाले, "अरे, मी आहे, मी." अगदी हळू म्हणाले, दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखे.

मी सगळ्यांना असं सांगितलं, की मी त्यांना लगेच ओळखलं आणि पिस्तूल खाली केलं. सकाळपर्यंत मलाही ते पटलं.

कोणत्याही शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी पिस्तूल परत कुलपात टाकलं असतं. मी कुटुंबाची बैठक बोलावली. दोष शस्त्राचा नसून शिस्तीचा आहे, असं मी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. यापुढे रात्री जो कोणी उठेल त्याने आपल्या खोलीच्या दारातच "मी आहे, मी" असं खणखणीत सांगायचं आणि मगच पाऊल टाकायचं. मी झोपेतून "कोण?" विचारलं तर "मी" म्हणायचं. मुलीने हात वर केला. "चोरपण मीच म्हणेल की. तो काय चोर आहे असं सांगणार आहे?" मी म्हटलं, मोठ्यांच्या बोलण्यात लहानांनी पडू नये. तिच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नसलं की मी हेच म्हणतो.

त्यानंतर आमचं घर रात्री रेल्वे फलाटासारखं बोलू लागलं. "मी आहे, मी. बाथरूमला चाललेय." "मी आहे, मी. वय वर्षं नऊ, स्वप्न पडलं." ही शेवटची घोषणा दोनच रात्री ऐकू आली. नंतर कळलं, की स्वप्न पडलं तर मुलगी आता आमच्याकडे येतच नाही, पांघरूण तोंडावर घेऊन पडून राहते. मेहुणा दर महिन्याला दोन रात्री मुक्कामाला यायचा, त्याने नियम ऐकले आणि शेवटच्या गाडीने घर गाठलं. पिस्तुलाचा एवढा एक फायदा मी अजूनही मानतो.

अण्णांची घोषणा मात्र ऐकू येईना. मला वाटलं, छान झोप लागते आहे त्यांना. पंधरा दिवसांनी बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अण्णांनी संध्याकाळनंतर पाणी सोडलंय. ठाऊक आहे तुम्हाला?"

"का?"

"रात्री उठायला लागू नये म्हणून. काल दुपारी कळा येत होत्या, भिंत धरून बसले होते. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस."

मला वाईट वाटलं, फारच वाटलं. पण वाईट वाटलं की मी व्यवस्था करायला लागतो. मी म्हटलं, "त्यांच्या उशाशी तांब्या ठेवू. आणि खोलीतच एखादं भांडं."

बायकोने मला तिथेच अडवलं. ती म्हणाली, "चाळीस वर्षं लोकांच्या दारोदार फिरले ते. कुत्री अंगावर आली, पण एका दारावरून मागे फिरले नाहीत. आता स्वतःच्या मुलाच्या दारावरून जायला घाबरतात. भांडं ठेवा म्हणे." आणि ती आडवी होऊन खोलीबाहेर गेली.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, रात्री कधीतरी, गादी जराशी हलल्यासारखी वाटली. मी झोपेतच विचारलं, "कोण?"

"मी."

"बरं," मी म्हणालो आणि कूस बदलली.

सकाळी खिसा रिकामा होता.

मी गादी उलटली, खाट उलटली, बायकोची शिवणाची पेटी उलटली. घरात बाकी सगळं जिथल्या तिथे. अण्णा नेहमीप्रमाणे सकाळचे फिरायला गेलेले. बायको म्हणाली, "गेलं का?" आणि पुन्हा भांडी लावायला लागली. सुभेदार धावत खाली आले. ते म्हणाले, "शस्त्र चोरीला गेलं की पहिला आत जातो परवाना ज्याच्या नावावर आहे तो. त्यातून उद्या कोणाचा जीव गेला, तर संपलंच." माझ्या तोंडचं पाणी पळालं. विमा एजंट म्हणाले, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो, असली वस्तू बिछान्यात ठेवायची नसते." ते पुढे म्हणाले, "आत जाण्याचा विमा नसतो, नाहीतर काढून दिला असता."

परवाना शाखेत त्याच कारकुनाने न हसता एक अर्ज पुढे केला. शस्त्र कुठे ठेवले होते? मी लिहिलं, गादीच्या खिशात. त्याने ते वाचलं, आपली वही काढली, माझ्या घरच्या तपासणीसमोरची बरोबरची खूण शोधली आणि तिच्यावर सावकाश काट मारली. पुढचा रकाना होता, शस्त्र कसे गेले, सविस्तर लिहा. मी बराच वेळ पेन तोंडात धरून बसलो. मग लिहिलं. कारकुनाने ते उचललं आणि शेजारच्या हवालदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"मी कोण असे विचारले, चोराने मी असे सांगितले, त्यामुळे मी पुन्हा झोपलो."

हवालदार उठून बाहेर गेला. भिंतीपलीकडून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता, निदान मी तो खोकला समजलो. कारकुनाचा चेहरा मात्र सुपारीएवढाच राहिला. तो म्हणाला, "चोराला आडनाव विचारायचं राहिलं का?"

त्याने टेबलाचा खण उघडला आणि एक जेवणाचा डबा समोर ठेवला. स्टीलचा, तीन पुडांचा, झाकणावर पोचा आलेला. तो डबा मी लहानपणापासून ओळखतो. अण्णा टपालाच्या फेरीला न्यायचे तो.

"सकाळी साडेसातलाच आले," कारकून म्हणाला. "मला वाटलं, आतल्या कोणाला डबा द्यायला आलेत. उघडतो तर वर टॉवेल, खाली हे. चालत आलेत, गर्दीतून. तुम्ही दोघांनी मिळून किती कलमं मोडली आहेत ते मोजायला मला दुपार लागेल." मग त्याने डब्यातून पिस्तूल काढून उलटसुलट पाहिलं. "एक मात्र बरं केलंत. सुरक्षेची कळ लावून ठेवता. नाहीतर वाटेत एखादा गेला असता."

मी मान हलवून शाबासकी घेतली. आता इतकं सांगितलंच आहे, तर राहिलेलंही सांगतो. मी सुरक्षेची कळ लावून ठेवत नव्हतो. मला ती काढायचं सुचत नव्हतं. घड्याळ लावून केलेल्या आमच्या सरावात ती धरलीच नव्हती. त्या रात्री अण्णांना ओळखून मी पिस्तूल खाली केलं, असं मी सांगितलं ते खोटं आहे. मी चाप ओढला होता. दोनदा ओढला. अण्णा समोर उभे होते आणि त्यांना माझं बोट दिसत होतं. माझे वडील जिवंत आहेत ते मी गबाळा आहे म्हणून.

कारकुनाने पावती पुढे केली. "नियमात बसत नाही, पण तुमच्या वतीने जमा केलं असं दाखवतो. परवाना तर गेलाच. इथे सही करा." मी पावती वाचली. वस्तू, क्रमांक, जमा करणाऱ्याचं नाव. त्याखाली जमा करण्याचं कारण, अण्णांच्या सुवाच्य अक्षरात: रात्री पाणी प्यायला उठावे लागते.

मी सही केली. कारकुनाने सहीवर शिक्का मारला आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाला, "डबा घेऊन जा. घासून द्या त्यांना."

घरी अण्णा पेपर वाचत होते. मी डबा त्यांच्याजवळ ठेवला. म्हटलं, "पावती मिळाली." ते म्हणाले, "जपून ठेव, लागते कधी कधी." आणि त्यांनी पान उलटलं. बोलणं एवढंच झालं. संध्याकाळी मी आणि बायकोने खाट मूळ जागी सरकवली. दार पूर्ण उघडलं, आणि ती कितीतरी दिवसांनी सरळ चालत खोलीत आली.

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागेना. केव्हातरी पलीकडचं दार वाजलं. पावलं आली. घोषणा नाही, काही नाही, अनवाणी पावलांचा तो सावकाश आवाज. माझ्या ओठांवर "कोण?" आलं होतं, ते मी गिळलं. पावलं आमच्या उघड्या दारावरून पुढे गेली. स्वयंपाकघरात पेला भरण्याचा आवाज आला, रिकामा झाला, पुन्हा भरला. मी अंधारात मोजत होतो. माझा धंदाच तो. त्यांनी तीन पेले पाणी प्यायलं.

परत येताना पावलं दारात थांबली.

"जागा आहेस ना?" अण्णा म्हणाले. "लहानपणीही असाच पडून राहायचास. घे."

त्यांनी भरलेला पेला उशाजवळच्या कपाटावर ठेवला. मी पडल्यापडल्या हात लांब केला. बोटं कडेपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. अण्णांनी अंधारात ते कसं पाहिलं कोण जाणे. त्यांनी पेला चार बोटं पुढे सरकवला आणि ते झोपायला गेले.